मांड मोडू देऊ नका

जोयड्याच्या रानातली गावं कुणी एका रात्रीत उठवलेली नाहीत. ती घरागणिक उठतायत. यंदा दोन घरं गेली, पुढच्या शिमग्याआधी आणखी तीन. मग एका वर्षी मांडावर, म्हणजे गाव सणाला जमतं त्या जागेवर, घुमटं असतात आणि वाजवणारे हात नसतात. सरकारी भाषेत याला स्वेच्छा पुनर्वसन म्हणतात आणि ते खोटं नाही. कागदावर कुटुंबप्रमुखाची सही असते, बँकेत पैसे जमा होतात. प्रश्न एवढाच आहे, की सही कुटुंबाची असली तरी गावाची सही कुठे आहे?

हा लेख त्या सहीसाठी आहे. तो मुख्यतः जोयडा तालुक्यातल्या कुणबी वाड्यांसाठी आहे. तेवढाच तो बेळगाव, खानापूर, गोवा आणि मुंबई-पुण्याच्या मराठी वाचकासाठीही आहे, कारण या गावांशी आपलं नातं आपण समजतो त्याहून जुनं आहे. सीमाप्रश्नाच्या घोषणांत आपण कारवार, सुपा, हल्याळ ही नावं वर्षानुवर्षं घेतली. त्यातला सुपा म्हणजेच हा तालुका. तिथे राहतं कोण आणि कसं, याची चौकशी मात्र आपण फारशी केली नाही. नकाशावर हक्क सांगणाऱ्याने माणसांची विचारपूस करायला नको होती का? असो.

लोंढ्याहून गोव्याकडे जाणारी गाडी तिनईघाट, कॅसलरॉक ओलांडून दूधसागराच्या दिशेने उतरते, तेव्हा डब्यातले सगळे धबधबा कोणत्या बाजूला दिसेल याची चर्चा करत असतात. त्याआधी खिडकीतून जे दाट रान सरकत जातं, ते जोयड्याचं. क्षेत्रफळ सुमारे 1,900 चौरस किलोमीटर, उत्तर कन्नड जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका. आणि 2011 च्या जनगणनेत माणसं पन्नास हजारांच्या आसपास. बाकी सगळं रान, डोंगर आणि पाणी. काळी नदी इथेच डिग्गीच्या बाजूला उगम पावते आणि 184 किलोमीटर वाहून कारवारजवळ सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते.

या तालुक्याने एक गाव आधीच गमावलंय, आणि तेही साधंसुधं नव्हे, तालुक्याचं ठाणं. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावर सुपा होतं. बाजार, कचेऱ्या, देवळं, सगळं तिथे. 1980 च्या दशकात काळीवर 101 मीटर उंचीचं धरण उभं राहिलं आणि सुपा आजूबाजूच्या गावांसह पाण्याखाली गेलं. कचेरी जोयड्याला आली, माणसं रामनगरला वसवली गेली. त्या पाण्यावर राज्याची वीज तयार होऊ लागली आणि त्याच पाण्याच्या काठावरच्या कितीतरी वाड्या पुढे वर्षानुवर्षं चिमणीच्या उजेडात राहिल्या. कोयनेच्या लोकांना हे नव्याने सांगायला नको.

धरणानंतर वाघ आला. म्हणजे वाघ होताच, त्याचा कागद आला. 1956 मध्ये दांडेली अभयारण्य झालेलंच होतं; मग 1987 मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान, 2007 मध्ये दोन्ही मिळून दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प आणि 2015 मध्ये त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प. गावं जिथल्या तिथेच होती. त्यांच्याभोवती रेषा बदलत गेल्या आणि एके दिवशी आपण गाभा क्षेत्रात राहतो असं माणसांना कळलं. रस्त्याला परवानगी लागू लागली. विजेचा खांब, शाळेची दुरुस्ती, नाल्यावरचा साकव, प्रत्येक गोष्टीला हरकत निघू लागली. जिथे काहीच करता येत नाही तिथे माणूस किती दिवस तग धरणार? मग कुणीतरी पॅकेजचा कागद घेऊन येतं.

आकडा ठाऊक असलेला बरा. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या योजनेत आधी कुटुंबामागे 10 लाख मिळत, 2021 पासून ते 15 लाख झाले. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरला जातो. 2024 च्या जूनमध्ये याच प्राधिकरणाने राज्यांना पत्र लिहून कामाला वेग द्यायला सांगितलं. देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात त्यांच्या हिशोबाने 591 गावं आणि 64,801 कुटुंबं अजून राहतात. जोयड्यातल्या कुठल्याशा वाडीतली बारा घरं त्या आकड्यात कुठेतरी आहेत.

बारा घरं म्हणजे सरकारच्या हिशोबाने बारा गुणिले पंधरा. पण वाडी म्हणजे बारा घरांची बेरीज नव्हे, आणि माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्यापाशी आहे. मांड कुणाच्या नावावर आहे? वाडीच्या प्रमुखाचा, बुधवंताचा, मान कोणत्या सातबाऱ्यात येतो? देवराई, पाणवठा, मसण, वाटेवरचा वाघदेव, लावणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतात उतरण्याचा रिवाज, यांची भरपाई कोणाच्या खात्यात जमा करणार? देशावर ज्याला इर्जिक किंवा सावड म्हणतात तशी परतफेडीची मेहनत इथे अजून चालते. भाताची लावणी, घराची शाकारणी, लग्नाचा मांडव, मयताची लाकडं, कुठलंच काम एका घराचं नसतं. बारातली चार घरं गेली, की उरलेल्या आठांच्या अंगावर बारा घरांचं काम पडतं. मग पाचवं घर निघतं. त्या पाचव्या घराने निघताना जी सही केली तिला स्वेच्छा म्हणायचं, तर म्हणा.

कोन खणायची गोष्ट सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते नीट कळेल.

जोयड्याचे कुणबी कंदांचे जाणकार. मुडली, कोन, झाडकणगा, काटेकणगा, चिर्के, सुरण, करांदे अशी नावं घ्यायला लागलं की संपत नाहीत, आणि कोनातही तांबडा वेगळा, धवा वेगळा. पावसाआधी खड्डा करून त्यात पालापाचोळा, शेणखत, भुसभुशीत माती भरायची आणि कंदाचा तुकडा लावायचा. वेल फुटला की शेजारच्या झाडावर किंवा रोवलेल्या फांदीवर चढवायचा. पाऊसभर तो वर चढतो आणि कंद खाली उतरतो. मार्गशीर्ष-पौषात वेल पिवळा पडून वाळला की खणायची वेळ. इथे घाई करणाऱ्याचं काम नाही. आधी कडेची माती मोकळी करायची, मग बोटांनी चाचपत कंद कुठे वळलाय ते पाहायचं, कारण कोन सरळ जातोच असं नाही. दगड लागला की तो वळसा घालून जातो आणि पहारीचा एक घाव चुकला की जखमी कंद टिकत नाही. पोटावर आडवं होऊन, खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घालून बाई तो अखेर मोकळा करते, तेव्हा तो तिच्या मांडीएवढा असतो. मग ती एक गोष्ट करते जी शहरातला माणूस करणार नाही. वेलाच्या बुडाशी असलेला कंदाचा माथा कापून ती बाजूला ठेवते, पुढच्या लावणीसाठी. शेजारणीकडचा वाण संपला असेल तर त्यातलाच एक तुकडा तिच्याकडे जातो. तिच्याकडून कधीतरी झाडकणग्याचा आलेला असतो.

बियाणाची ही बँक कुठल्या इमारतीत नाही. ती घराघरांत वाटलेली आहे; एका घरी हा वाण, दुसऱ्या घरी तो. रानडुकरांनी एकाचं खाल्लं तर दुसऱ्याकडे उरतं. घर उठलं की त्याच्याबरोबर वाण उठतो, आणि रामनगरच्या चार गुंठ्यांत कोनाला चढायला झाडही नसतं. कृषी विद्यापीठांतले तज्ज्ञ आता हवामानबदलाच्या काळात कंदांचं महत्त्व सांगतात. ठीकच आहे. पण कंद सांभाळणारी वाडी मोडून कंद शीतपेटीत ठेवायचे हा उफराटा न्याय झाला.

गोव्याच्या कुणबी साडीचं असंच काहीसं झालं. डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती तांबडी चौकडी फॅशनच्या रॅम्पवर नेली, तिचं कौतुक झालं, दुकानांत भाव चढला. त्या माणसाचा हेतू चांगलाच होता. घुमटाला गोवा सरकारने 2019 मध्ये वारसा वाद्याचा मान दिला. साडी वाचते, वाद्य वाचतं, पदार्थ वाचतो. आपल्या लोकांना वस्तू वाचवायला आवडतं, कारण ती घरी आणून भिंतीवर टांगता येते. गाव टांगता येत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी टाळणार नाही. ज्या वाडीतून पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून, नाले ओलांडून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तिथल्या तरुण बाईने 'मला इथे मूल वाढवायचं नाही' म्हटलं तर तिला संस्कृतीवर व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. गोव्यातल्या हॉटेलांत आणि कारखान्यांत कामाला गेलेली पोरं सणाला येतात आणि दोन दिवसांत मोबाइलला रेंज नाही म्हणून कंटाळतात. तेही खरं आहे. ज्याला जायचंय त्याने जावं, त्याला पूर्ण पैसे मिळावेत, वेळेवर मिळावेत, आणि तो मांडावर पाय ठेवायला परत आला तर त्याच्याकडे कुणी तिरक्या नजरेने पाहू नये. माझं भांडण जाणाऱ्याशी नाही. रस्ता, दवाखाना, शाळा आणि वीज अडवून धरायची आणि मग लोक आपणहून जातायत म्हणायचं, या चालीशी आहे.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर दोन बेटांची गोष्ट आहे, ती जोयड्याच्या लोकांनी ऐकण्यासारखी आहे. केरी परगण्यासमोरचं ग्रेट ब्लास्केट हे मासेमारी, मेंढ्या आणि बटाट्याच्या शेताच्या लहान लहान तुकड्यांवर जगणारं बेट. 1916 च्या सुमारास तिथे पावणेदोनशे माणसं होती. तरुण अमेरिकेला गेले, शाळा बंद पडली. 1946 च्या नाताळात एक तरुण मेंदूज्वराने आजारी पडला. वादळामुळे डॉक्टर पोचू शकला नाही आणि तो गेला. पुढच्या वसंतात वादळाने कोंडलेल्या बेटकऱ्यांनी थेट पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार करून अन्न मागितलं. सरकारने विचारविनिमय केला, वर्षं घेतली, आणि 1953 मध्ये उरलेल्या बावीस माणसांना मुख्य भूमीवर आणलं. आज तिथे पडकी घरं आहेत आणि समोरच्या किनाऱ्यावर एक देखणं माहिती केंद्र. टोमास ओ क्रिहिन, पेग सेयर्स या तिथल्या माणसांची पुस्तकं आयरिश साहित्यात अभिमानाने वाचली जातात. साहित्य उरलं, गाव गेलं.

दुसरं बेट डोनेगॉल किनाऱ्यासमोरचं टोरी. तेही तसंच, 1974 च्या हिवाळ्यात वादळांनी ते आठवडेच्या आठवडे तोडलं आणि सरकारी उत्तरही ठरलेलंच होतं, मुख्य भूमीवर घरं देतो, चला. काही कुटुंबं गेलीसुद्धा. पण 1980 मध्ये तिथे डिअर्मिड ओ पेकीन नावाचा जेझुइट पाद्री आला आणि त्याने ते ठरलेलं उत्तरच उलटं केलं: माणसं हलवू नका, धक्का बांधा, वीज आणा, पाणी आणा. तो मंत्र्यांच्या दारात बसला, युरोपच्या संसदेपर्यंत गेला, परदेशातल्या आयरिश माणसांना त्याने कामाला लावलं. टोरीवर आज शंभराहून जास्त माणसं राहतात, शाळा आहे, बोट आहे. त्या बेटाला परंपरेने एक राजाही असतो; पॅटसी डॅन हा त्यांचा राजा 2018 मध्ये वारेपर्यंत धक्क्यावर उभा राहून येणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत करायचा. राज्य कसलं, मानच तो, आपल्या बुधवंतासारखा. एकाच देशाने एकाच तऱ्हेच्या दोन गावांना दोन वेगळी उत्तरं दिली. फरक वादळात नव्हता. टोरीसाठी बाहेरून कुणीतरी भांडलं आणि आतल्यांनी त्याला साथ दिली.

जोयड्याकडे पाद्री नसेल, पण टोरीकडे नसलेली एक गोष्ट आहे: कायदा.

2006 चा वनहक्क कायदा बहुतेकांना ठाऊक आहे तो जमिनीच्या तुकड्याच्या पट्ट्यापुरता. त्याचं चौथं कलम फारसं कुणी वाचत नाही. वन्यजिवांच्या महत्त्वाच्या अधिवासातून कुणाला हलवायचं असेल तर आधी त्या भागातल्या लोकांचे वनहक्क ठरवून मान्य झालेले असले पाहिजेत. माणसं आणि प्राणी एकत्र राहण्यासारखा दुसरा मार्ग उरलेला नाही असा निष्कर्ष निघालेला असला पाहिजे. आणि पुनर्वसनाला आणि पॅकेजला ग्रामसभेची स्वतंत्र, माहितीपूर्वक संमती लेखी मिळालेली असली पाहिजे. ग्रामसभेची. कुटुंबाची नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 साली व्याघ्र प्रकल्पांसाठी जे प्रकरण घातलं गेलं, त्यातही ग्रामसभेच्या संमतीची अट आहे. लेखाच्या सुरुवातीला विचारलेली गावाची सही ही अशी कायद्यातच मागितलेली आहे. ती मिळाली की नाही, हे विचारायला परवानगी लागत नाही.

आणि ग्रामसभा म्हणजे पंचायतीच्या हॉलमध्ये, वीस किलोमीटरवर भरणारी सभा नव्हे. जोयड्याच्या एकेका पंचायतीत डोंगरापलीकडच्या कितीतरी वाड्या येतात. वनहक्काच्या नियमांप्रमाणे वाडीची स्वतंत्र ग्रामसभा भरवता येते. तिला निम्म्या सभासदांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. मांडावर जी माणसं शिमग्याला जमतात तीच ही सभा. वैयक्तिक हक्कासाठी नमुना अ, सामूहिक हक्कांसाठी नमुना ब, आणि सगळ्या रानाच्या राखणीचा, वापराचा, व्यवस्थापनाचा हक्क मागायचा तर नमुना क. नमुना अ घेऊन धावणारे पुष्कळ भेटतात. पहिला भरायचा तो क. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये असा सामूहिक हक्क मिळवला आणि आपल्या बांबूचा व्यवहार आपण केला. कर्नाटकातच, चामराजनगरच्या बिळिगिरी रंगन डोंगरात, सोलिगा आदिवासींच्या ग्रामसभांना 2011 मध्ये सामूहिक हक्क मिळाले, आणि तो व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे 2010 च्या गणनेत 35 वाघ होते, 2014 मध्ये 68. माणसं असली की वाघ मरतो असं सांगणाऱ्याच्या पुढे हा आकडा ठेवावा. वाघाला वाटेच्या कडेला देव म्हणून बसवून त्याच्यापुढे नारळ ठेवणाऱ्या लोकांना वाघ वाचवायला शिकवणं मला तरी जमणार नाही. जोयड्यातल्याच कार्टोळीच्या महादेव वेळीपांना राज्य सरकारने 2021 मध्ये पर्यावरणासाठी राज्योत्सव पुरस्कार दिला. रानातून माणसं काढायची आणि रानातल्या माणसाला पर्यावरणाचा पुरस्कार द्यायचा, या दोन गोष्टी एकाच सरकारला एकाच वेळी कशा सुचतात हे मोठं गूढ आहे.

मेळघाटचंही विसरू नका. तिथली गावं बाहेर वसवली गेली. आश्वासनं पुरी झाली नाहीत म्हणून 2019 च्या जानेवारीत केलपाणी-गुल्लरघाटचे लोक आपल्या जुन्या गावात परत निघाले आणि वनखात्याशी त्यांची गाठ पडली. गेलेलं गाव परत मिळत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती जोयड्याच्या कुणब्यांच्या मानेवर बसलेली आहे. गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातींत घेतलं गेलं. त्याच कायद्याने उत्तर कन्नडच्या सिद्दी समाजालाही घेतलं. म्हणजे सीमेपलीकडचा भाऊ आत, शेजारच्या रानातला सिद्दी आत आणि मधला जोयड्याचा कुणबी बाहेर. देव तेच, आडनावं तीच, कंद तेच; मध्ये फक्त राज्याची हद्द. आम्हालाही त्या यादीत घ्या, ही मागणी इथला समाज वर्षानुवर्षं करतोय, मोर्चे झाले, निवेदनं झाली. नुसत्या आरक्षणाचा हा प्रश्न नाही. वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून रानात राहत होतो एवढं दाखवावं लागतं. बाकीच्यांना त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, दाखवावी लागतात. म्हणजे 1930. आता 1930 साली डिग्गी किंवा बाजारकुणंगच्या वाडीत कुठला तलाठी कुणाला पावती देत होता? इंग्रजांनी कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती, बंद केली तेव्हा तर या लोकांचं शेत कागदावर आणायचंच नव्हतं.

पण कायदा करणाऱ्यांनी इथे थोडी अक्कल दाखवली आहे. ती 75 वर्षं रानात वस्ती असल्याची, त्याच एका शेताच्या ताब्याची नव्हेत. आणि पुरावा म्हणजे फक्त सरकारी उतारा नव्हे. गॅझेटिअर चालतं, जनगणना चालते. 1883 साली निघालेला मुंबई गॅझेटिअरचा पंधरावा खंड याच कॅनरा जिल्ह्याचा आहे, तेव्हा हा भाग मुंबई इलाख्यात होता. जुनी विहीर चालते, मसणवट चालते, देवस्थान चालतं. वंशावळ चालते. आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं निवेदनही चालतं. यातले दोन पुरावे पुरतात.

म्हणजे मांड हा पुरावा आहे. वाघदेव हा पुरावा आहे. आणि ओट्यावर बसलेली, कान मंद झालेली आजी हा पुरावा आहे, आणि तो दर पावसाळ्यात कमी होतोय.

म्हणून मागणं सांगतो. गोव्यात कामाला असलेल्या जोयड्याच्या पोरांनो, पोरींनो, तुमच्या खिशात फोन आहे. येत्या शिमग्याला किंवा त्याआधी मिळेल त्या रजेत घरी जा, आजोबांना, आजीला बसवून विचारा: तुमचे आजे कुठे राहायचे, मांड कुणी घातला, मसणात पहिली मूठमाती कुणाची, कुमरी कुठल्या डोंगरावर होती, बुधवंतपद कुणाकडून कुणाकडे आलं. ते नोंदवा, मग कागदावर उतरवा, अंगठा घ्या, साक्षीदारांच्या सह्या घ्या. आपल्या आजीचं निवेदन शेजारच्या घराच्या दाव्याला लावा आणि शेजारच्या आजोबांचं आपल्या दाव्याला. दावेदार स्वतःचाच साक्षीदार होत नाही. एका वाडीचं काम दोन रविवारांत होतं. आणि पॅकेजच्या कागदावर सही करायची वेळ आली तर आधी एक विचारा: आमच्या वाडीची ग्रामसभा कोणत्या तारखेला झाली, तिचा ठराव दाखवा.

बेळगाव, खानापूर, कोल्हापूरच्या वाचकांनो, तुमच्यात मोडी वाचणारी माणसं आहेत, जुन्या दप्तरांत रमणारी आहेत. पुणे आणि मुंबईच्या दप्तरखान्यांत जाणं तुम्हाला जमतं, जोयड्याच्या शेतकऱ्याला जमत नाही. सुपे महालाचा, तिथल्या वनखात्याचा, चराईचा, कुमरीच्या दंडाचा एखादा कागद 1930 च्या आधीचा सापडला आणि त्यावर वाडीचं नाव असलं, तर त्याची नक्कल त्या गावच्या वनहक्क समितीपर्यंत पोचवा. ज्या कागदाने तेव्हा कुणब्याला दंड केला, त्याच कागदाने आज त्याची वस्ती सिद्ध होईल, यासारखी गंमत नाही.

वकिलांना, विद्यार्थ्यांना, पत्रकारांना सांगणं एवढंच, की वाघ आणि माणूस यांच्यातली झुंज रंगवू नका; ती वाचायला बरी वाटते आणि गाव उठवायला उपयोगी पडते. रस्ता कुणी अडवला, शाळा कुणी बंद केली, ठराव कुठे आहे, हे विचारा.

आणि गोव्याच्या, बेळगावच्या, धारवाडच्या घरांनी करायची गोष्ट सगळ्यात सोपी आहे. दर वर्षी जानेवारीच्या सुमारास जोयड्यात कंदांचा मेळा भरतो, गेड्डे-गेणसु मेळा. डोंगरातून बाया टोपल्या घेऊन उतरतात. गाडी काढा, जा. भाव पाडू नका. पोटावर आडवं होऊन काढलेला कोन आहे तो. मुडली घ्या, करांदे घ्या, शिजवायचं कसं ते तिथेच विचारा, सांगतील. आणि जमलं तर लावायला कोनाचा एखादा माथा मागून घ्या, कोणत्या वाडीचा आहे ते त्यावर लिहून ठेवा. पाऊस पडायच्या आत खड्डा तयार पाहिजे.